महाविद्यालयात समतेचा पुरस्कार सुरू करताना: ठरावापासून पाठपुराव्यापर्यंत

बऱ्याच महाविद्यालयांत ८ मार्चचा सत्कार मार्च उजाडल्यावर ठरतो. प्राचार्यांच्या दालनात दोन-तीन नावं निघतात, शाल-श्रीफळ मागवलं जातं, स्मृतिचिन्हावर नाव कोरून घेतलं जातं. सत्कार झालेली व्यक्ती बहुधा लायकच असते. पण तिनं कॅम्पसवर नेमकं काय बदललं हे कुठंच नोंदलं जात नाही, आणि ती निवृत्त झाली की ते कामही थांबतं. स्त्री-समता आणि विविधतेचा पुरस्कार नीट उभा केला, तर वसतिगृहाची वेळ कोणी बदलून घेतली, प्रयोगशाळेला उतार कोणी बांधून घेतला, पहिल्या वर्षानंतर गळणाऱ्या मुली कोणी मोजल्या, हे सगळं कागदावर येतं आणि पुढच्यांना वापरता येतं. महाराष्ट्रातलं एखादं अनुदानित महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा विभाग डोळ्यांसमोर ठेवून पुढची पद्धत मांडली आहे.

आधी दोन नमुने

ब्रिटनमध्ये २००५ साली उच्च शिक्षण संस्थांतल्या स्त्री-पुरुष समतेसाठी ‘अथेना स्वान’ ही सनद सुरू झाली. तिचे तीन स्तर आहेत. संस्थेनं स्वतःची आकडेवारी प्रामाणिकपणे तपासली आणि कृती आराखडा केला की कांस्य. आराखडा अमलात आणून त्याचा परिणाम दाखवला की रौप्य. तो परिणाम टिकला आणि इतरांना त्यातून शिकता आलं की सुवर्ण. सुरुवातीला फक्त विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक शाखा त्यात होत्या. २०१५ मध्ये मानव्यविद्या, व्यवस्थापन, कायदा आणि शिक्षकेतर कर्मचारीही आले. २०११ साली काही आरोग्य-संशोधन निधीला रौप्य स्तराची अट जोडली गेली आणि वैद्यकीय विभागांचे अर्ज झपाट्यानं वाढले. त्याबरोबर कागदपत्रंही वाढली. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या स्वतंत्र पुनरावलोकनानं अर्जाचा बोजा कमी करण्याची शिफारस केली. ऑस्ट्रेलियानं २०१५ पासून याच धर्तीवर काम सुरू केलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये ‘गती’ हा उपक्रम आणला, त्यातही संस्थेनं आधी स्वतःकडे पाहायचं ही कल्पना मध्यवर्ती आहे.

महाविद्यालयाच्या पातळीवर यातून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, कमतरता मोजून ती उघडपणे मांडण्यालाही श्रेय द्यायचं. दुसरी, विभागाला दिलेल्या पुरस्काराला मुदत घालायची. तिसरी, अर्ज लहान ठेवायचा. अर्ज भरण्याचं काम बहुतेक ठिकाणी विभागातल्या बाईंच्याच गळ्यात पडतं. समतेच्या पुरस्कारासाठी एखाद्या प्राध्यापिकेच्या दोन सुट्ट्या खर्ची पडत असतील, तर पुरस्काराची रचनाच चुकली आहे.

गट किती आणि कोणते

तीन गट पुरेत: शिक्षक किंवा शिक्षकेतर कर्मचारी असलेली व्यक्ती, विद्यार्थ्यांचा गट, आणि विभाग. शक्य असेल तर पहिल्या गटाचे दोन भाग करा. शिक्षक आणि शिक्षकेतर एकाच यादीत ठेवले की शिक्षक जिंकतात, कारण त्यांना अर्ज लिहिता येतो. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसणारे लिपिक, प्रयोगशाळा परिचर, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षक यांचं काम शोधनिबंधात येत नाही. जात वैधता प्रमाणपत्राची मुदत टळू नये म्हणून प्रत्येक मुलीला वेळेवर आठवण करून देणारा लिपिक कितीतरी प्रवेश वाचवतो. त्याच्यासाठी वेगळी जागा ठेवावीच लागते.

‘सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी’ हा गट यात घालू नका. तो गुणवत्तेचा पुरस्कार आहे आणि त्यासाठी इतर बक्षिसं असतात.

ठराव आणि पैसा

प्रस्ताव महाविद्यालय विकास समितीपुढे न्या. विद्यापीठाच्या पातळीवर तो व्यवस्थापन परिषदेकडे जातो. तोंडी मान्यतेवर थांबू नका. प्राचार्य बदलले की तोंडी पुरस्कार बंद पडतो. ठरावाला दोन पानांची नियमावली जोडा. तिच्यात पुरस्काराचा हेतू, पात्रता, कोणत्या कालावधीतलं काम धरायचं (मागची तीन शैक्षणिक वर्षं योग्य), निवड समितीची रचना, रक्कम, पुरस्कार मागे घेण्याची तरतूद आणि नियम बदलण्याची पद्धत एवढं असावं. एखाद्या वर्षी योग्य अर्ज आला नाही तर पुरस्कार दिला जाणार नाही, हे वाक्यही हवं. ते नसेल तर समितीवर कोणालातरी निवडण्याचा दबाव येतो.

पैशाचा हिशेब साधा आहे. ५ लाखांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३५ हजार व्याज येतं. शिक्षक, शिक्षकेतर आणि विद्यार्थी गट यांना प्रत्येकी १० हजार दिले की ५ हजार छपाई, बाहेरच्या सदस्याचा प्रवास आणि चहापाण्याला उरतात. विभागाला रोख रक्कम देण्यापेक्षा त्याच्या आराखड्यातलं एक काम महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकातून मंजूर करा: रॅम्प, दिवे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाळणाघरासाठी खोली. ठेव उभी राहीपर्यंत माजी विद्यार्थी संघाकडून वार्षिक तरतूद घेता येते, पण ती तीन वर्षांसाठी लेखी घ्या. समारंभाचा खर्च पुरस्काराच्या रकमेपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

देणगीदार मिळाला तर दोन अटी आधीच स्पष्ट करा. देणगीदार किंवा त्यांचे नातेवाईक निवड समितीवर नसतील. आणि पुरस्कार एका जातीच्या, गावाच्या किंवा शाखेच्या मुलींपुरता ठेवण्याची अट स्वीकारली जाणार नाही. तशी इच्छा असेल तर त्यांना वेगळी शिष्यवृत्ती ठेवायला सुचवा. तीही गरजेचीच असते.

वेळापत्रक

३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. १८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली. घोषणेसाठी याहून योग्य दिवस नाही, आणि तो व्यवहारालाही सोयीचा आहे. ८ मार्चच्या सुमारास परीक्षांची तयारी चालू असते, तर जानेवारीत नवं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं.

त्यावरून मागं मोजत या. जुलैच्या शेवटी प्रवेश स्थिरावले की परिपत्रक काढा. ऑगस्टमध्ये अर्ज कसा भरायचा यासाठी दीड तासाची एक बैठक घ्या. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी ती कार्यालयीन वेळेतच ठेवा. नामांकनाची शेवटची तारीख सप्टेंबरअखेर. दिवाळीच्या सुटीवर ढकलली तर अर्ज सुटीत अडकतात. ऑक्टोबरमध्ये छाननी आणि अपुऱ्या अर्जांना दुरुस्तीसाठी दहा दिवस. नोव्हेंबरमध्ये गुणांकन, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्यक्ष भेटी आणि अंतिम बैठक.

निवड समिती

सात सदस्य ठेवा. त्यांपैकी किमान चार स्त्रिया, एक शिक्षकेतर कर्मचारी, एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, आणि महाविद्यालयाबाहेरची, शक्यतो या क्षेत्रात काम केलेली एक व्यक्ती असावी. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय आणि अपंग व्यक्ती यांचं प्रतिनिधित्व या सातांतच बसवा. त्यासाठी ‘विशेष निमंत्रित’ म्हणून आठवी खुर्ची मांडू नका, निमंत्रिताला मत नसतं. प्राचार्यांनी समितीवर असू नये. त्यांच्या उपस्थितीत कनिष्ठ सदस्य आणि विद्यार्थी बोलत नाहीत, मग सातजणांची समिती एकाची होते.

प्रत्येक सदस्याकडून हितसंबंधांचं निवेदन घ्या. स्वतःच्या विभागातला अर्ज, पीएच.डी.चा मार्गदर्शक किंवा विद्यार्थी, नातेवाईक, यांपैकी काही असेल तर त्या अर्जाला गुण द्यायचे नाहीत आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं. इतिवृत्तात तशी नोंद करायची. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांना निवड समितीवर घेऊ नका. त्यांच्याकडची माहिती गोपनीय असते, आणि त्यांच्या गप्प बसण्याचाही अर्थ काढला जातो.

अर्ज: दोन पानं, पाच प्रश्न

स्वतःचा अर्ज स्वतः करायला मुभा द्या आणि दुसऱ्यानं नामांकन करायलाही. फक्त दुसऱ्यांचं नामांकन चालेल असं ठेवलं की ज्यांची ओळख जास्त त्यांचीच नावं येतात. अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत, हजार शब्दांच्या आत. सोबत दोन पाठिंब्याची पत्रं, प्रत्येकी जास्तीत जास्त तीनशे शब्द. त्यांतलं एक अशा व्यक्तीचं हवं जिला त्या कामाचा प्रत्यक्ष उपयोग झाला. लिहिणं अवघड जाणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी समितीच्या सचिवानं समोर बसून अर्ज उतरवून घ्यावा, वाचून दाखवावा आणि मग सही घ्यावी.

पाच प्रश्न असे: अडचण काय होती आणि कोणाची? ती आधी किती होती, आकड्यांत किंवा कागदोपत्री? तुम्ही काय केलं, कोणत्या महिन्यात? ज्यांची अडचण होती त्यांचं मत कसं घेतलं? आता काय वेगळं आहे, आणि तुम्ही नसताना ते चालू राहील का?

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त अर्ज पाडतो. ‘मुलींमध्ये जागृती निर्माण केली’, ‘सकारात्मक वातावरण तयार झालं’ या वाक्यांना गुण देता येत नाहीत. त्याऐवजी कसं लिहायचं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहा. बी.एस्सी. प्रथम वर्षाला ६४ मुली होत्या, त्यांपैकी ४१ द्वितीय वर्षात आल्या, म्हणजे ६४ टक्के. कारण विचारलं तेव्हा कळलं की प्रात्यक्षिकाची शेवटची तुकडी साडेपाचला सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी पाच वाजता. विभागानं लांबून येणाऱ्या मुलींची तुकडी सकाळी घेतली. पुढच्या वर्षी ७० पैकी ५८ द्वितीय वर्षात पोचल्या, म्हणजे ८३ टक्के. हा अर्ज चार ओळींत उभा राहतो.

पण इथंही समितीनं एक प्रश्न विचारायला हवा: बदल तुकडीमुळे झाला की आणखी कशामुळे? १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची तुलना असेल, तर काही मुली भाडं परवडल्यामुळेही टिकल्या असतील. म्हणून त्याच काळात वेळ न बदललेल्या दुसऱ्या विभागाचे आकडे शेजारी ठेवायला सांगा. तिथंही मुली तेवढ्याच वाढल्या असतील तर श्रेय तुकडीचं नाही. शंभर टक्के सिद्धता मागू नका, एवढी तपासणी मात्र करा.

आकडे नेहमी लिंग आणि प्रवर्ग दोन्हींनुसार मागा. एकूण मुलींची टक्केवारी फसवी असते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या, म्हणजे जवळपास निम्म्या. शिक्षकांमध्ये मात्र स्त्रियांचा वाटा ४३.४ टक्के. तुमच्याकडेही पदवी वर्गात निम्म्या मुली असतील. पण त्यांत आदिवासी मुली किती, भटक्या-विमुक्त समाजातल्या किती, अपंग किती, आणि विभागप्रमुख स्त्रिया किती, हे मांडल्याशिवाय अडचण दिसत नाही. एखाद्या रकान्यात पाचपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर जाहीर कागदपत्रांत आकडा न देता ‘पाचपेक्षा कमी’ लिहा. ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही काळजी अनिवार्य समजा. एकाचा आकडा म्हणजे एका व्यक्तीची ओळख.

कायद्यानं बंधनकारक कामाचं काय करायचं

यावर प्रत्येक समितीत वाद होतो, म्हणून नियमावलीतच उत्तर द्या. अंतर्गत तक्रार समिती नेमणं हे कर्तव्य आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम ते सांगतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, हे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ठरवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय आणि शासन-अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. या गोष्टी केल्याबद्दल पुरस्कार नको.

कागदावरची सोय प्रत्यक्ष वापरात आणणं मात्र मोठं काम आहे आणि त्याला भरघोस गुण द्या. पीएच.डी.चे नियम पाहा. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. कितीतरी जणींना हे माहीतच नसतं, आणि मुदत संपल्यावर नोंदणी रद्द झाल्याचं पत्र हातात पडतं. प्रत्येक संशोधक विद्यार्थिनीला नोंदणीच्याच दिवशी ही माहिती लेखी देणारा, रजेच्या अर्जाचा नमुना तयार ठेवणारा विभाग पुरस्काराला पात्र आहे. तसंच लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, बँक खात्यावर तिसरं, आणि शिष्यवृत्ती अडकलेली. राजपत्रातल्या नावबदलापासून विद्यापीठाच्या पत्रापर्यंतची पायऱ्यांची यादी कार्यालयाबाहेर लावून महिन्यातून एक दिवस मदत कक्ष चालवला, तर दरवर्षी अनेक मुलींचे पैसे सुटतात. यात भाषण नाही, उद्घाटन नाही, म्हणून असं काम शोधून काढावं लागतं.

गुणांकन

शंभर गुण असे वाटा: अडचणीची मांडणी आणि आधीचे आकडे २०, प्रत्यक्ष बदललेला नियम, वेळ किंवा सोय ३०, परिणामाचा पुरावा २०, संबंधितांचा सहभाग १५, टिकाऊपणा १५. कार्यक्रमांच्या संख्येला शून्य. व्याख्यान, पोस्टर स्पर्धा, रॅली यांना गुण ठेवले की पुढच्या वर्षी तेच वाढतात.

प्रत्येक सदस्यानं घरी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि बैठकीच्या दोन दिवस आधी बंद पाकिटात सचिवाकडे द्यायचे. आधी चर्चा झाली तर पहिल्या बोलणाऱ्याचे गुण सगळ्यांचे होतात. एखाद्या अर्जावर सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुणांत वीसपेक्षा जास्त फरक असेल तरच त्यावर सविस्तर बोला. साठपेक्षा कमी सरासरीच्या अर्जाला पुरस्कार नाही, ही रेषा पहिल्याच वर्षी आखा.

शेवटच्या दोन-तीन अर्जांची प्रत्यक्ष पाहणी करा. रॅम्प बांधला असेल तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्यासोबत वर जाऊन पाहा. उतार एकास बारापेक्षा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) तीव्र असेल तर तो मदतीशिवाय चढणं अवघड जातं. स्वच्छतागृहाचा दावा असेल तर दुपारी दोन वाजता जा, पाणी आहे का, कडी लागते का, पॅड टाकायची सोय आहे का ते बघा. कुलूप लावलेलं स्वच्छतागृह फोटोत छान दिसतं. मुलींशी बोलताना विभागप्रमुखांना सोबत घेऊ नका.

जिथं हमखास घोटाळा होतो

तक्रारींची माहिती. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख किंवा चौकशीचा तपशील उघड करता येत नाही. नाव गाळलं तरी ‘तृतीय वर्ष रसायनशास्त्राची विद्यार्थिनी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. अर्जात असं काही आलं तर तो भाग काढून मगच सदस्यांना पाठवा. द्यायचीच असेल तर एवढीच माहिती: किती तक्रारी आल्या, किती ९० दिवसांच्या मुदतीत पूर्ण झाल्या. आणि ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ याला गुण देऊ नका. शून्य तक्रारींचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की समितीवर विश्वास नाही किंवा समितीची नावं कोणाला माहीत नाहीत.

पुरस्कारार्थीची पार्श्वभूमी. समतेचा पुरस्कार मिळालेल्या माणसावर छळाचा दोष सिद्ध झालेला असेल तर त्या पुरस्कारानं पीडितेला दुसऱ्यांदा दुखावलं जातं. अर्जातच स्वघोषणा घ्या: माझ्यावर कोणतीही शिस्तभंगाची शिक्षा लागू नाही, आणि खोटं आढळल्यास पुरस्कार परत जाईल. व्यक्तींच्या बाबतीत कुलसचिव किंवा प्राचार्यांकडून फक्त ‘हरकत आहे’ किंवा ‘हरकत नाही’ एवढं लेखी घ्या. कारण विचारू नका.

श्रेयाची चोरी. काम तीन सहायक प्राध्यापिकांनी, त्यांतल्या दोघी तासिका तत्त्वावरच्या, आणि अर्ज विभागप्रमुखांच्या नावे. हे फार वेळा घडतं. अर्जात ‘या कामात कोणी काय केलं’ असा तक्ता ठेवा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि कंत्राटी कर्मचारी पात्र आहेत, हे परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. लिहिलं नाही तर ते स्वतःला पात्र समजत नाहीत.

विविधता म्हणजे फक्त स्त्रिया, हा समज. त्यामुळे दलित-आदिवासी मुलांच्या वसतिगृहातलं, अंध विद्यार्थ्यांच्या लेखनिकांचं काम अर्ज न करताच बाहेर राहतं. उदाहरणं परिपत्रकात द्या, लोक त्यावरूनच अंदाज घेतात.

घोषणा आणि त्यानंतरचं वर्ष

मानपत्रात विशेषणं नकोत. पुरस्कारार्थीनं काय बदललं ते तीन वाक्यांत, आकड्यांसह लिहा आणि तेच मंचावर वाचा. ज्या मुलींसाठी काम झालं त्यांना नाव-फोटोसह पुढं आणताना लेखी संमती घ्या. शिष्यवृत्ती अडकली होती किंवा घरून शिक्षण बंद होणार होतं, हे कोणाला जाहीर व्हायला नको असू शकतं. निवड न झालेल्या प्रत्येकाला सदस्यांच्या शेऱ्यांतून काढलेलं अर्ध्या पानाचं टिपण पाठवा: कुठं गुण गेले, पुढच्या वर्षी काय जोडता येईल. यामुळे पुढच्या वर्षीचे अर्ज सुधारतात, आणि पक्षपाताची कुजबुजही थांबते.

विभागाचा पुरस्कार तीन वर्षांसाठी द्या. फलकावर कालावधी लिहा, आणि दरवर्षी डिसेंबरमध्ये त्याच पाच प्रश्नांतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका पानात मागवा. सकाळची तुकडी पुन्हा संध्याकाळवर गेली असेल तर ते त्या पानात येईल. सगळे अर्ज, गुणपत्रकं, इतिवृत्तं आणि ही एकेक पानाची उत्तरं एका फाइलमध्ये वर्षवार लावून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे ठेवा. नॅक या उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात लिंगसमभावाच्या निकषाखाली हीच कागदपत्रं लागतात, तेव्हा ऐनवेळी फोटो गोळा करावे लागत नाहीत. नवी समिती आली की पहिल्या बैठकीआधी ती फाइल तिच्या हातात द्या.